बदलत्या दराचं मॉर्गेज स्थिर दरात नेताना या चुका टाळा

अमेरिकेत अॅडजस्टेबल रेट मॉर्गेज (एआरएम, म्हणजे काही वर्षांनी व्याजदर बदलणारं गृहकर्ज) घेतलेल्या घरात पहिल्या दरबदलाची नोटीस आली की धांदल उडते. नवा हप्ता लागू होण्याच्या सुमारे सात-आठ महिने आधी ती पाठवण्याचा नियम आहे, म्हणजे विचाराला वेळ असतो. तरीही पुष्कळ जण पहिल्या भेटलेल्या लेंडरकडे (कर्ज देणाऱ्याकडे) स्थिर दराच्या नव्या कर्जावर सही करून मोकळे होतात.

स्वतःचीच नोट (कर्जाचा करार) न वाचणं

ही सगळ्यांत महागडी चूक. तुमचा पुढचा दर काय असेल हे बातम्यांत नाही, तुमच्या कागदात लिहिलेलं आहे: इंडेक्स (बाजारातला संदर्भ दर) अधिक मार्जिन (त्यावर लेंडरची ठरलेली भर), आणि त्यावर कॅपचा (वाढीच्या मर्यादेचा) लगाम. नव्या एआरएमचा इंडेक्स बहुधा सोफर हा अमेरिकी संदर्भ दर असतो. लायबॉर या जुन्या संदर्भ दरावरची कर्जंही 2023च्या मध्यानंतर सोफरवर गेली.

समजा 5/6 एआरएम (पाच वर्षं स्थिर, मग दर सहा महिन्यांनी बदल) 3.5 टक्क्यांनी सुरू झालं, मार्जिन 2.75 आणि इंडेक्स 4.25 आहे. बेरीज 7 टक्के होते. पण कॅप 2/1/5 (पहिल्या बदलाला 2, नंतर दर वेळी 1, एकूण 5 टक्के) असेल तर पहिल्या वेळी दर 5.5च्या वर जाऊ शकत नाही, सहा महिन्यांनी 6.5, आणि इंडेक्स तिथेच राहिला तर त्यानंतर 7. आयुष्यभराची कमाल मर्यादा 8.5. आता स्थिर दर 6.5 मिळत असेल, तर वर्षभरात घर विकणाऱ्याला रिफायनान्सचा (नवं कर्ज घेऊन जुनं फेडण्याचा) काहीच उपयोग नाही; दहा वर्षं राहणाऱ्याने मात्र गांभीर्याने विचार करावा. 7/6 प्रकारात (सात वर्षं स्थिर) पहिली कॅप बहुधा 5 टक्के असते, तिथे उडी एकदम मोठी पडू शकते. म्हणून आकडे आपल्याच नोटमधले घ्या.

फक्त हप्ता पाहणं

23 वर्षं उरलेलं कर्ज पुन्हा 30 वर्षांचं केलं की हप्ता हलका वाटतो, पण व्याज सात वर्षं जास्त भरावं लागतं. 20 वर्षांच्या मुदतीचा भाव विचारा, किंवा 30चं घेऊन दर महिन्याला जादा मुद्दल फेडा.

खर्च वसूल होण्याचा हिशोबही इथेच चुकतो. क्लोजिंग कॉस्ट (नवं कर्ज घेण्याचा एकूण खर्च) 9,000 डॉलर आणि महिन्याची बचत 250 असेल तर 36 महिने लागतात. ही बचत आजच्या स्वस्त हप्त्याशी नव्हे, दर बदलल्यानंतरच्या हप्त्याशी ताडून काढायची. ‘नो-कॉस्ट’ म्हणणाऱ्या ऑफरमध्ये खर्च वाढीव दरात किंवा मुद्दलात लपलेला असतो. पॉइंट (दर कमी करून घेण्यासाठी आधी भरायची रक्कम) घेत असाल तर एक पॉइंट म्हणजे कर्जाच्या 1 टक्का. 4 लाखांवर 4,000 डॉलर.

एकाच लेंडरवर थांबणं

निदान तिघांकडून लोन एस्टिमेट (दर आणि खर्चाचा लेखी अंदाज) मागवा, शक्यतो एकाच दिवशीचे, कारण दर रोज हलतात. चौकशांनी क्रेडिट स्कोअर कोसळेल ही भीती नको: 14 दिवसांच्या आतल्या मॉर्गेज चौकशा स्कोअरसाठी एकच धरल्या जातात.

मध्येच अडकलात तर

अप्रेझल (घराचं मूल्यांकन) कमी आलं आणि कर्ज घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांवर गेलं, तर पीएमआय (लेंडरला संरक्षण देणारा, पण तुम्ही भरायचा विमा) लागू शकतो. मूल्यांकनासाठी तुलनेची घरं चुकीची निवडली असतील तर पुराव्यासह फेरविचार मागा, नाहीतर थोडं मुद्दल भरून 80च्या खाली या. रेट लॉक (ठरलेला दर कायम ठेवण्याची मुदत) संपत आला असेल तर मुदतवाढीचे पैसे कोण देणार हे लेखी घ्या. या काळात नवी गाडी कर्जावर घेऊ नका, नोकरीही शक्यतो बदलू नका.

क्लोजिंग डिस्क्लोजर (कर्जाच्या अंतिम अटी आणि खर्चाचा कागद) सहीच्या किमान तीन कामकाजाच्या दिवस आधी मिळतं. लोन एस्टिमेटशेजारी ठेवून ओळ-ओळ जुळवा. राहत्या घराचं कर्ज नव्या लेंडरकडे नेत असाल तर सहीनंतरही तीन कामकाजाचे दिवस माघार घेता येते.

जुना हप्ता मात्र कर्ज पूर्ण फिटल्याची खात्री होईपर्यंत थांबवू नका. एस्क्रोमधली (घराचा कर आणि विम्यासाठी हप्त्यासोबत जमा होणाऱ्या खात्यातली) शिल्लक जुन्या सर्व्हिसरने (हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीने) 20 कामकाजाच्या दिवसांत परत द्यायची असते. ती आली नाही तर लेखी तक्रार करा.