पांढऱ्या शाईची मर्जी

इंदूरच्या मे महिन्यात डीटीएफ प्रिंटर (आधी फिल्मवर छापून मग चित्र कापडावर उतरवणारा) चालवायचा, तर पांढऱ्या शाईची मर्जी सांभाळावी लागते. तिच्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड जड, तळाशी बसतं. सकाळी पोहे मागवण्याआधी मी शाईची टाकी हलकेच ढवळतो (फेस आला की नळीत हवा शिरते), मग नोझल चेक, म्हणजे शाईची छिद्रं मोकळी आहेत का हे बघायला रेघांची चाचणी-प्रिंट. रेघ तुटली तर हेड क्लीनिंग एकदा, फार तर दोनदा. पुढे नुसती शाई वाया. रात्री कॅपिंग स्टेशन (मशीन थांबलं की हेड झाकणारा भाग) आणि वायपर (हेड पुसणारी पट्टी) क्लीनिंग लिक्विड लावलेल्या फोमच्या काडीने पुसतो. कापूस नको, धागे सुटतात. हवेत आर्द्रता ४० ते ६० टक्के हवी, म्हणून कूलरशेजारी हायग्रोमीटर टांगलाय. रंगपंचमीला गेरच्या (इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीच्या) नादात मशीन तीन दिवस बंद ठेवलं, तर डॅम्पर (हेडला शाई गाळून पुरवणारे छोटे भाग) बदलावे लागले. आता सुट्टीतही भाचा येऊन एक छोटी प्रिंट काढून जातो.