रिकव्हरी डिस्क म्हणजे विंडोजची डिस्क नव्हे: या चुका टाळा

नव्या कॉम्प्युटरच्या खोक्यातून चार्जर निघतो, वॉरंटीचा कागद निघतो. विंडोजची डिस्क काही निघत नाही. पूर्वी एखाद-दुसरी डीव्हीडी तरी यायची, पण तीही बहुतेक वेळा रिकव्हरी डिस्कच असायची. आणि खरा घोळ तिथूनच सुरू होतो.

रिकव्हरी डिस्क कॉम्प्युटर बनवणारी कंपनी एका ठरावीक मॉडेलसाठी तयार करते. विंडोज, त्या मॉडेलचे ड्रायव्हर (वायफाय, आवाज असे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) आणि न मागता गळ्यात मारलेलं ट्रायल अँटिव्हायरस, सगळं तिच्यात एकत्र असतं. ती चालवली की मशीन कारखान्यातून निघालं तेव्हा जसं होतं तसं होतं. ऑपरेटिंग सिस्टिमची डिस्क फक्त कोरं विंडोज बसवते. ती कुठल्याही मॉडेलला चालते, पण ड्रायव्हरचं तुमचं तुम्ही बघायचं.

सगळ्यात महागात पडणारी चूक ‘रिकव्हरी’ या शब्दानेच होते. विंडोज सुरू होईना की माणूस तो शब्द वाचतो आणि ‘आपलं गेलेलं परत मिळणार’ असं धरून चालतो. परत मिळतं ते विंडोज. तुमचे फोटो आणि फायली त्याच झटक्यात पुसल्या जाऊ शकतात. म्हणून स्क्रीनवर ‘सर्व डेटा नष्ट होईल’ अशा अर्थाची ओळ आली की तिथेच हात आवरा. आधी साधे उपाय करून पाहा. विंडोज उघडत असेल तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा आणि स्टार्टअप रिपेअर हे विंडोजचंच दुरुस्तीचं साधन चालवा. उघडतच नसेल तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून (तो कसा करायचा ते पुढे आहे) मशीन सुरू करा आणि ‘इन्स्टॉल’ऐवजी दुरुस्तीचा पर्याय निवडा. तिथल्या कमांड प्रॉम्प्टमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीतून, फायली दुसऱ्या डिस्कवर कॉपी करता येतात. विंडोज नव्याने बसवणाऱ्या ‘रीसेट धिस पीसी’मध्ये फायली ठेवण्याचा पर्याय असतो, पण त्यातही तुम्ही नंतर टाकलेले प्रोग्रॅम जातातच.

दुसरी चूक म्हणजे ‘रिकव्हरी पार्टिशन आहे की’ म्हणून निवांत बसणं. पार्टिशन म्हणजे डिस्कचाच एक वेगळा केलेला भाग, तेव्हा ते त्याच डिस्कवर असतं. डिस्क मेली की विंडोज आणि त्याचा उतारा दोन्ही एकदमच जातात. शिवाय डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसणारं ५०० एमबी ते १ जीबीचं रिकव्हरी पार्टिशन म्हणजे संपूर्ण विंडोज नव्हे. एवढ्याशा जागेत फक्त दुरुस्तीची साधनं मावतात.

तेव्हा मशीन धडधाकट आहे तोवरच पेन ड्राइव्ह करून ठेवा. विंडोजमधल्या ‘रिकव्हरी ड्राइव्ह’साठी किमान १६ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या आणि सिस्टिम फायलींच्या चौकोनावरची खूण काढू नका, नाहीतर त्यातून विंडोज नव्याने बसवता येणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने कोरं विंडोज बनवायला ८ जीबी पुरतात. दोन्हींत पेन ड्राइव्ह आधी साफ पुसला जातो, तेव्हा तो रिकामा आहे ना, ते बघून घ्या. माझं विचाराल तर दोन्ही करून ठेवा आणि त्यांवर चिठ्ठ्या चिकटवा.

डिस्क नाही म्हणून विंडोजची नवी ‘की’ (लायसन्सचा सांकेतिक क्रमांक) विकत घ्यायची गरज सहसा नसते. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजसह विकल्या जाणाऱ्या मशीनच्या मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे त्यावरच्या चिपमधल्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्येच, ही ‘की’ असते. त्याआधी ती कॅबिनेटवर किंवा लॅपटॉपच्या तळाशी स्टिकरवर असायची. अट एवढीच की आवृत्ती तीच हवी. होमचं लायसन्स असताना प्रो बसवलंत तर ॲक्टिव्हेशन होणार नाही.

कोरं विंडोज बसवताना यादीत डिस्कच दिसत नाही, असंही होतं. डिस्क बिघडली असं लगेच समजू नका. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये स्टोरेजचा वेगळा ड्रायव्हर आधी द्यावा लागतो. तो कंपनीच्या साइटवरून उतरवून, एक्स्ट्रॅक्ट करून पेन ड्राइव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’ दाबा. डिस्क जीपीटी (पार्टिशन मांडण्याची नवी पद्धत) असल्याने विंडोज बसत नाही, असा संदेश आला तर चिडून पार्टिशन उडवू नका. मशीन त्या पेन ड्राइव्हवरून जुन्या पद्धतीने सुरू (बूट) झालंय, एवढाच त्याचा अर्थ. बूट मेन्यूत, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं ते विचारणाऱ्या यादीत, त्याच पेन ड्राइव्हच्या नावाआधी यूईएफआय (UEFI, सुरू होण्याची नवी पद्धत) लिहिलेली ओळ दिसते का बघा आणि तिथून सुरू करा.

यातलं काहीही करण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा. ही लायसन्सच्या ‘की’पेक्षा वेगळी. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या अनेक नव्या लॅपटॉपची डिस्क तुम्हाला न विचारताच एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते. अशा वेळी की त्याच खात्यात जपलेली असते. ती आत्ताच कागदावर उतरवून घ्या, कारण ज्या दिवशी ती मागितली जाईल त्या दिवशी हा लॅपटॉप उघडत नसेल.