म्हाताऱ्या उंदरांवर स्मरणशक्तीची औषधं तपासताय? या चुका टाळा

मे महिना, नागपूर. गच्चीवरच्या टाकीचं पाणी थेट स्मृतीच्या पोहण्याच्या चाचणीसाठीच्या हौदात सोडलं आणि 22 महिन्यांचा, म्हणजे म्हातारा, विस्टर रॅट (प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर) त्यात ठेवला. पठ्ठ्या पोहेचना. चारी पाय पसरून नुसता तरंगत राहिला, जणू अंबाझरी तलावावर सहलीला आलाय. विद्यार्थिनीने वहीत ‘स्मृती क्षीण’ लिहिलंसुद्धा. थर्मामीटर घातला तर 34 अंश! एवढ्या कोमट पाण्यातून बाहेर पडायची घाई कोणाला असेल? बर्फ टाकून पाणी 24-25 अंशांवर आणा. त्याहून गार नको, म्हाताऱ्या जनावराचं अंग चटकन थंड पडतं. दोन फेऱ्यांच्या मध्ये पंचाने पुसून कोरडं करा.

रिचर्ड मॉरिस यांच्या या चाचणीत (1981) पाण्याखाली दडलेला प्लॅटफॉर्म खोलीतल्या खुणांवरून शोधायचा असतो. खिडकीतला कूलरही खूणच, आणि त्याचा आवाजही. आमचा कूलर मध्येच दुरुस्तीला गेला आणि त्या आठवड्याचे सगळे आकडे फेकावे लागले.

सगळ्यात महागात पडते ती डोळ्यांची चूक. पांढऱ्या उंदरांची नजर मुळातच अधू, त्यात रॅकच्या वरच्या कप्प्यात ट्यूबलाइटखाली दोन वर्षं काढलेली. म्हणून आधी प्लॅटफॉर्म पाण्यावर आणून त्यावर झेंडी लावा. तोही सापडत नसेल तर तो रॅट स्मृतीच्या हिशोबात धरू नका.

नुसते सेकंद मोजू नका, पोहलेलं अंतरही मोजा. औषधाने पाय जोरात चालले तरी सेकंद कमी होतात आणि आपण ब्राह्मीला हार घालतो. शेवटी प्लॅटफॉर्म काढून 60 सेकंद सोडा. जुन्या जागेभोवती किती वेळ घुटमळतो ते बघा.

एम.फार्म.च्या मुदतीत रॅट म्हातारा होत नाही, म्हणून तरुण उंदराला स्मृती तात्पुरती बिघडवणारं स्कोपोलामीन टोचतात. चालेल, पण प्रबंधात त्याला ‘वार्धक्य’ म्हणू नका. डोनेपेझिलचा (स्मृतिभ्रंशावरचं नेहमीचं औषध) गट मात्र ठेवा. तोही सुधारला नाही तर दोष तुमच्या चाचणीत आहे.

काही म्हातारे तरुणांइतकेच तल्लख निघतात. डोस सुरू करण्याआधी एकदा तपासून मगच गट पाडा, आणि कुठला पिंजरा कुठल्या गटाचा हे घड्याळ धरणाऱ्याला कळू देऊ नका. काही मध्येच मरतील, तेव्हा संख्या जास्त धरा. नीतिसमितीच्या अर्जातही तीच लिहा.

शवविच्छेदन टाळू नका. आमच्या एका ‘मठ्ठ’ रॅटची कवटी उघडली तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्यूटरी) ग्रंथीवर वाटाण्याएवढी गाठ होती.