तीळ, लासं, वांग, चामखीळ: डॉक्टरांना डाग नेमका कसा सांगावा

‘तीळ आहे’ एवढंच सांगितलं तर डॉक्टरांना फारसं काही कळत नाही. त्यांच्या लेखी तीळ म्हणजे मेलानोसायटिक नीवस, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा पुंजका. बोलताना मात्र आपण वयानुसार गालावर उठणाऱ्या बारीक काळ्या पुटकुळ्यांनाही तीळच म्हणतो. त्या बहुधा डर्माटोसिस पॅप्युलोझा नायग्रा असतात, त्यांत नीवसच्या पेशी नसतात. ‘लाल तीळ’ तर रक्तवाहिन्यांचा असतो: चेरी अँजिओमा.

सगळ्यात जास्त घोळ चामखिळीचा. खरखरीत आणि पसरणारी असेल तर ती विषाणूमुळे होणारी वॉर्ट. मानेवर किंवा काखेत मऊ देठावर लोंबत असेल तर स्किन टॅग. मेण थापल्यासारखी तपकिरी, कडेला नखाने उचकटता येईल असं वाटणारी असेल तर सेबोऱ्हिक केराटोसिस. तिन्हींचे उपचार वेगळे. म्हणून दोरा बांधून किंवा अ‍ॅसिड लावून ती घरीच काढू नये. काढून फेकलेल्या गाठीची बायोप्सी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, करता येत नाही.

वांग म्हणजे मेलाझ्मा. तो बहुतेकदा दोन्ही गालांवर सारखा दिसतो आणि ऊन, गरोदरपण, हार्मोनच्या गोळ्या यांनी वाढतो. मुरूम गेल्यावर उरलेला डाग वांग नव्हे. तो पोस्ट-इन्फ्लमेटरी हायपरपिग्मेंटेशन. तान्ह्या बाळाच्या कमरेवरचं निळसर लासं म्हणजे डर्मल मेलानोसायटोसिस. रंगद्रव्य खोलवर असल्याने ते निळं दिसतं आणि बहुतेक मुलांत काही वर्षांत विरतं. ते मुका मार लागल्यासारखं दिसतं, म्हणून बाळाच्या फाइलमध्ये नोंदवून घ्यावं.

आता डाग बघायचा कसा? मेकअप न करता, दिवसाच्या उजेडात. आधी बोट फिरवा. सपाट आणि साधारण १ सेंमीपर्यंत असेल तर रिपोर्टमध्ये ‘मॅक्यूल’ दिसेल, मोठा असेल तर ‘पॅच’, छोटा उंचवटा असेल तर ‘पॅप्यूल’. लालसर डागावर पारदर्शक काच दाबा: रंग फिका पडला तर तो वाहिन्यांतल्या रक्ताचा, रंगद्रव्य असं हटत नाही. (त्वचेत साकळलेलं रक्तही हटत नाही, तेव्हा यावरून निदान करू नका.) मग दोन फोटो: एक लांबून, जागा कळेल असा, दुसरा जवळून, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. डाग कधीपासून आहे, खाजतो का, रक्त येतं का, हेही लिहून ठेवा.

दोन अर्धे सारखे नाहीत, कड वेडीवाकडी, एकाहून जास्त रंग, ६ मिमीपेक्षा मोठा, किंवा बदलत चाललेला, यांपैकी काहीही दिसलं तर वाट न बघता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. सावळ्या त्वचेत मेलानोमा (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग) बऱ्याचदा तळहात, तळपाय आणि नखाखाली आढळतो. एकाच नखावर नव्याने उमटलेली काळी रेघ रुंद होत असेल किंवा तिचा रंग नखालगतच्या कातडीवर उतरला असेल, तर नेलपॉलिश काढूनच तपासणीला जा.