कॅम्परव्हॅनमधला टीव्ही मुक्कामी बंद पडू नये म्हणून निघायच्या आदल्या दिवशीची तयारी

साताऱ्याहून कास, बामणोली, महाबळेश्वर कुठंही गाडी घेऊन मुक्कामाला जायचं आणि बरोबर आई-आबा असतील तर टीव्ही लागतोच, सह्याद्रीवरच्या बातम्या त्यांना चुकवायच्या नसतात आणि त्यात काही वावगं पण नाही. म्हणून सांगतो, ही तयारी आदल्या दिवशी गाडी दारात उभी असतानाच करा, कारण सिग्नल गेला की दोष डिशच्या छत्रीत आहे, वायरीत आहे, सेट टॉप बॉक्समधे आहे का टीव्हीतच आहे हे वर पठारावर अंधारात शोधत बसलं की सगळ्यांचीच संध्याकाळ वाया जाते.

पिशवीत पहिली वस्तू टाका ती म्हणजे दहाएक मीटरची चांगली आरजी सिक्स वायर (डिशला लावतात ती कोअ‍ॅक्स केबल), दोन्ही टोकांना पिना बसवलेली आणि घरी लावून तपासलेली. बाकी काही विसरलात तरी चालेल पण ही विसरू नका. गाडीतली मूळ वायर पत्रा आणि प्लायच्या मधनं गेलेली असते, दिसत नाही आणि हाताला पण लागत नाही, त्यामुळं चित्र गेलं की सरळ छत्रीपासून बॉक्सपर्यंत ही वायर खिडकीतनं आत घ्या आणि गाडीची सगळी वायरिंग बाजूला ठेवा. चित्र आलं तर दोष गाडीच्या आत, नाही आलं तर छत्री, एलएनबी (छत्रीच्या तोंडासमोरचा सिग्नल पकडणारा छोटा डबा) नाहीतर बॉक्स. पाच मिनिटात अर्धा प्रश्न सुटतो. फक्त कुठलीही पिन काढता-लावताना आधी बॉक्सचा प्लग काढा, कारण एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट याच वायरीतनं जातात, शॉर्ट झालं तर बॉक्स जाऊ शकतो.

मग पिना बघा, एकूण एक. आपल्याकडचे घाट आणि गावातले स्पीडब्रेकर, गाडी सतत हादरत असते आणि पिनेचा नट हळूहळू ढिला होतो, बाहेरनं बघितलं तर घट्टच वाटतो. हातानं फिरवून बघा, मग पाना लावून जरासाच आवळा. पिन काढून तोंडाकडनं बघा, मधली तार कडेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर आली पाहिजे, त्यापेक्षा आखूड असेल तर सॉकेटमधे पोचतच नाही. मधल्या तारेभोवती जी बारीक तारांची जाळी असते तिचा केसाएवढा एखादा धागा मधल्या तारेला टेकलाय का ते उजेडात धरून बघा, तेवढ्यानं पण सिग्नल मरतो. तार काळी पडली असेल किंवा हिरवट बुरा आला असेल तर घासत बसू नका, पाणी शिरलेलं आहे, तेवढा तुकडा कापा आणि नवीन पिन बसवा. दोन-चार जादा पिना, कटर, पाना आणि वायरीला गुंडाळायची रबरी टेप साताऱ्यातनंच घ्या, वर गेल्यावर मिळेल याच्यावर विसंबू नका.

गाडीत दोन टीव्ही असतील तर मधे स्प्लिटर, म्हणजे एका वायरीच्या दोन करणारा जोड असतो, आणि साधा स्प्लिटर एलएनबीचं व्होल्टेज पुढं सोडतोच असं नाही, तसंच कपाटाजवळ छोट्या लाइटचं बटण असेल तर तो छपरावरच्या जुन्या अँटेनाचा बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारा डबा. परदेशी धर्तीच्या गाड्यांत तो चालू राहिला की बाहेरनं आलेली केबल टीव्हीपर्यंत जातच नाही, म्हणून केबल लावायची तर लाइट बंद पाहिजे. छत्रीची लाइन तर या दोन्हीतनं नेऊच नका, वेगळी सरळ वायर टाका.

होमस्टेवाल्यानं केबल दिली तर ती टीव्हीला थेट लावून चॅनल शोधत बसू नका, आता केबल डिजिटल आहे, त्यांचाच बॉक्स लागतो, तो मिळणार का ते बुकिंगच्या फोनवरच विचारून घ्या.

छत्री गाडीच्या छपरावर न लावता वेगळ्या स्टँडवर ठेवा हे माझं स्पष्ट मत, कारण आत कोणी चाललं की गाडी हलते आणि छत्रीचा नेम लगेच चुकतो. फ्री डिशचा (दूरदर्शनची मोफत डिश सेवा) उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे साताऱ्यातनं आग्नेयेला आणि साधारण ६० अंश वर, त्यामुळं लांबचा डोंगर सहसा आड येत नाही, आड येतं ते जवळचं झाड. दहा मीटर उंच झाड आग्नेयेला असेल तर छत्री त्याच्यापासून सहा मीटरपेक्षा लांब पाहिजे, पाचगणीत सिल्व्हर ओकच्या खाली गाडी लावायची सवय आहे त्यांनी हे आधी बघा. फोनच्या होकायंत्रानं दिशा घेताना गाडीपासून चार पावलं लांब उभं रहा, पत्र्यामुळं काटा फिरतो. घरी सगळं नीट चालू असताना बॉक्सच्या सिग्नलच्या पानाचा फोटो काढून ठेवा, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी दोन्ही आकडे. मुक्कामी स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य दिसली तर वायरीवर शंका घेण्याआधी छत्रीच हलवा, बहुतेक नेम चुकलेला असतो. पेड कनेक्शन असेल तर उपग्रह वेगळा असू शकतो, आणि रिचार्ज पण आदल्या दिवशीच मारा.

करंटचं थोडक्यात, बॉक्सच्या अ‍ॅडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिलेत ते वाचा आणि गाडीतनं तेवढे मिळतायत का बघा, बॅटरी उतरली की बॉक्स सारखा बंद-चालू होतो आणि आपण उगाच छत्रीला दोष देतो.

एक लक्षात असू द्या, जोराचा पाऊस लागला की छत्रीचा सिग्नल जाणारच, तेव्हा काही उघडू नका, पाऊस ओसरला की आपोआप येतो. मार्चच्या मध्यात आणि सप्टेंबर संपता संपता सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं येतो तेव्हा पण फ्री डिश सकाळी अकराच्या आसपास काही मिनिटं जातं, तो बिघाड नाही. पण मे महिन्यातला वळीव असेल आणि लांब जरी गडगडलं तरी बॉक्सचा प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढून ठेवा, आणि ओल्या छपरावर कोणालाही चढू देऊ नका, पोराला तर अजिबात नाही, मॅच कितीही रंगात आलेली असली तरी.