गाड्यावरचा कटलेट पाव खायचा तर

पुण्या-कोल्हापूरचे पाहुणे गोव्यात आले की विचारतातच, "तुमच्या म्हापशातला तो प्रसिद्ध गाडा कुठला हो?" काय सांगणार! इथे ज्याला त्याला आपल्या वाड्यावरचाच गाडा भारी वाटतो. संध्याकाळी जिथे स्कूटरी वेड्यावाकड्या लागल्यात आणि गाडेवाल्याला मान वर करायला फुरसत नाही, तिथे खुशाल थांबा.

वेळ मात्र सांभाळा. पोदेर, म्हणजे पाववाला, दिवसातून दोनदा पाव घेऊन फिरतो, पहाटे आणि दुपार कलल्यावर. सायकलच्या भोंग्याचा पों-पों ऐकू आला की तासाभरात गाड्यावर जावे, पाव ताजा मिळतो. रात्री नऊनंतर कटलेट मिळेलही, पण पाव चिवट झालेला असतो, आणि माझ्या मते या खाण्यात निम्मी चव पावाची.

म्हणून आधी विचारायचे, "उंडो आसा?", म्हणजे उंडा आहे का? उंडा म्हणजे गोल पाव, वरून कडक आणि आत मऊ. कटलेटला तोच हवा, कारण त्याची साल रस धरून ठेवते. साधा चौकोनी पाव चार घासांत भिजून सुटतो. पावातलाच दुसरा प्रकार पोयी, ती कोंड्याची, आतून पोकळ. कापली की आयता खिसाच, सारण बाहेर सांडत नाही. माझे मत विचाराल तर चोरीस, म्हणजे गोव्याचे सॉसेज, पोयीत आणि कटलेट उंड्यात. पूर्वी पीठ माडाच्या सुरेने, म्हणजे माडीने, आंबवायचे, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट. जुनी माणसे त्यावरून अजून कुरकुरतात.

दुसरा प्रश्न न लाजता विचारा: कटलेट कशाचे? गाड्यावर नुसते 'कटलेट' म्हटले तर बहुधा बीफचे निघते. चिकनचे हवे तर तसे सांगा. चोरीस डुकराच्या मांसाचे. ज्यांना हे चालत नाही त्यांनी "मी ऑम्लेटच घेतो" म्हणून सुटका झाली असे समजू नये, तवा बऱ्याचदा एकच असतो. शिवराक, म्हणजे शाकाहारी, मंडळींनी सरळ भाजी-पावाचे हॉटेल गाठावे. श्रावणात आणि सोमवारी आमच्यातले बरेच जण तिकडेच असतात, त्यामुळे गाड्यावर गर्दी कमी. खाणाऱ्याला तो दिवस सोयीचा!

आता तव्याकडे बघा. मांसाचे पातळ काप ठेचून, आले-लसूण, मिरची आणि व्हिनेगर लावून मुरवलेले असतात. ऑर्डर दिली की ते रव्यात घोळवून तव्यावर पडतात. गाडेवाला कालथ्याने दाबतो, रव्याच्या कडा तपकिरी होतात. मग उंड्याला सुरी लावतो, पण पार कापत नाही, एक कड जोडलेली ठेवतो. उघडा पाव तव्यावर उरलेल्या तेलात पालथा टाकतो, क्षणभरच. त्यावर कटलेट, बारीक चिरलेला कोबी, कांदा. कोणी सॉस मारतो. मी नको म्हणते, गोडसर सॉसने मसाल्याची आंबट धार मरते. तिखट झेपत नसेल तर कटलेट तव्यावर पडण्याआधी बोलून काही उपयोग नाही, मसाला सकाळीच लागलेला असतो. जास्तीचा कांदा मागून घ्या.

चोरीस पाव घेतलात तर पांढरा शर्ट घालून जाऊ नका. त्याची तांबडी चरबी कागदातून झिरपून कोपरापर्यंत येते आणि तो डाग धुऊन जात नाही. थोडे वाकून, हात पुढे धरून खावे.

सुटे पैसे जवळ असू द्या. हिशेब खाल्ल्यावर होतो, किती खाल्ले ते गाडेवाल्याच्या बरोबर लक्षात असते.

घरी काही न्यायचे तर शुक्रवारच्या बाजारात या. चोरिसाच्या माळा तिथे टांगलेल्या दिसतील. दोन पिशव्यांत घट्ट बांधा, नाहीतर बसमध्ये सगळे वळून बघतील. घरी वरची साल सोलून, कांदा आणि थोडे पाणी घालून शिजवा. तेल घालू नका, स्वतःचीच चरबी भरपूर सुटते. खारट वाटले तर बटाट्याच्या फोडी टाका. पोयी दुसऱ्या दिवशी तव्यावर गरम करून चालते. उंडे मात्र नेऊ नका, सकाळपर्यंत दगड होतात.