पिट्युटरी एमआरआयवर मोजायची कशी, आणि ९ मिमी कुणाचं नॉर्मल

पणजी-म्हापशाच्या स्कॅन सेंटरात नवीन लागलेली मुलं आणि रेडिओलॉजीचे ज्युनिअर, सगळ्यांचा ठरलेला प्रश्न म्हणजे पिट्युटरी, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली हार्मोनची ग्रंथी, उंचीला किती मिमीपर्यंत नॉर्मल? आता याला एकच आकडा नाहीच आहे. आधी पेशंटचं वय विचारा, बाई असेल तर पाळी चालू आहे का, दिवस गेलेत का, नुकतीच डिलिव्हरी झालीय का ते विचारा आणि मग कॅलिपरला (स्क्रीनवर माप घ्यायच्या टूलला) हात लावा. फॉर्मवर यातलं काहीच नसतं, 'डोकेदुखी, प्रोलॅक्टिन हाय' (प्रोलॅक्टिन हे पिट्युटरीचंच एक हार्मोन) एवढं खरडलेलं असतं, त्यामुळे गाउन बदलायला पाठवतानाच विचारून घ्यायचं.

ग्रंथी केवढी, तर मोठ्या वाटाण्याएवढी, वजन साधारण अर्धा ग्रॅम. एवढ्याशा गोष्टीत १ मिमी इकडेतिकडे झालं की नॉर्मलचं अॅबनॉर्मल होतं, म्हणून नेहमीच्या ब्रेनच्या ५ मिमी जाड स्लाइसवर माप घेऊच नका. पिट्युटरीचा वेगळा प्रोटोकॉल लावा, टी१ (एमआरआयच्या चित्राचा एक प्रकार) सॅजिटल, म्हणजे बाजूने दिसणारा छेद, आणि टी१ कोरोनल, म्हणजे समोरून दिसणारा छेद, स्लाइस २ ते ३ मिमी, मध्ये गॅप जवळजवळ नाहीच, एफओव्ही (चित्रात येणारा भाग) लहान, १६ ते १८ सेमी. आणि नुसतं माप घ्यायला कॉन्ट्रास्ट लागत नाही हो. बारीक अॅडेनोमा (ग्रंथीतली साधी गाठ) शोधायचा असेल तर डायनॅमिक कॉन्ट्रास्ट (शिरेतून औषध देत भराभर चित्रं), ती वेगळी गोष्ट, आणि गरोदर बाईला तर गॅडोलिनियम, म्हणजे ते कॉन्ट्रास्टचं औषध, टाळतातच.

सगळ्यात जास्त घोळ मिडलाइनमध्ये होतो. सॅजिटलमध्ये बरोबर मधली स्लाइस कुठली? ज्या एकाच चित्रात ऑप्टिक कायझम (डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात ती जागा), पिट्युटरीचा दांडा (ग्रंथीला मेंदूशी जोडणारा) आणि मागे मिडब्रेनमधली अॅक्विडक्टची (मेंदूतल्या पाण्याच्या नळीची) बारीक रेघ दिसते ती. दांडा अर्धवट दिसून गायब होत असेल तर डोकं तिरकं आहे, परत लोकलायझर (स्लाइस आखायचं पहिलं चित्र) बघा. कोरोनल लावताना सेलाच्या (ग्रंथी बसते त्या हाडाच्या खळग्याच्या) तळाला काटकोनात लावा, आणि दोन्ही बाजूंच्या कॅरॉटिड रक्तवाहिन्यांचे काळे गोल सारख्या उंचीवर आलेत ना ते बघा.

आता चित्र मोठं करा. तळाला एक बारीक काळी रेघ दिसेल, ती सेलाचं हाड, आणि त्याच्या खाली स्फिनॉइड सायनसची (नाकामागच्या हाडातल्या पोकळीची) हवा, तीही काळीच. माप सुरू होतं ते त्या काळ्या रेघेच्या वरच्या कडेपासून, हाड धरायचं नाही. तिथून तळाला काटकोनात सरळ वर, ग्रंथीच्या वरच्या कडेपर्यंत. दांडा जिथे शिरतो त्याच जागी कॅलिपर लावला की दांड्याचा तुकडा मापात येतो आणि उंची फुकटची वाढते, जरा बाजूला लावा. सॅजिटलवर आणि कोरोनलवर दोन्हीकडे मोजा, फार फरक आला तर स्लाइस तिरकी आहे असं समजा. ग्रंथीच्या मागच्या बाजूला टी१ वर जो पांढरा ठिपका दिसतो तो पोस्टेरिअर पिट्युटरी, तो ग्रंथीचाच भाग. पण डॉर्सम सेलाच्या, म्हणजे सेलाच्या मागच्या भिंतीच्या, हाडातली चरबीही तशीच पांढरी दिसते, शंका आली तर फॅट सॅट (चरबी काळी करणारं सेटिंग) लावून बघा, चरबी असेल तर विझेल.

मग आकडे. ६-८-१०-१२ हा पाढा पाठच करून टाका. लहान मुलांत ६ मिमीपर्यंत, पुरुष आणि पाळी गेलेल्या बायका ८, पाळी चालू असलेल्या बायका १०, गरोदरपणाचे शेवटचे महिने आणि बाळंतपणानंतरचे सुरुवातीचे दिवस १२. म्हणजे ९ मिमी हे पंचविशीतल्या बाईत अगदी नॉर्मल आणि साठीच्या काकांत विचार करायला लावणारं. वयात येणाऱ्या मुलींत तर ग्रंथी गोल फुगलेली, वर फुगीर, १० मिमीपर्यंत दिसते. डिचोलीहून पंधरा वर्षांची मुलगी डोकेदुखीसाठी आली, ९ मिमी निघाली आणि रिपोर्टात 'बल्की' (मोठी) लिहिलंत की आई लगेच बाहेर विचारणार, "सर, गांठ आसा काय?" आणि पुढचा महिना घरात कुणाला झोप नाही. 'वयानुसार' हा शब्द लिहायला काय जातं?

आणि आकडा खरंच जास्त आला तरी लगेच ट्यूमर म्हणू नका. ग्रंथी सगळीकडून सारखी फुगलीय, सिग्नल एकसारखा आहे, तर आधी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) विचारा. थायरॉइड कमी पडला की पिट्युटरी फुगते आणि थायरॉक्सिनच्या गोळ्यांनी परत बसते, त्याला ऑपरेशन कशाला? उलट ८ मिमीच्या आतल्या ग्रंथीतही ४ मिमीचा अॅडेनोमा लपलेला असतो, त्यामुळे साइज नॉर्मल म्हणजे ग्रंथी नॉर्मल असं अजिबात नाही.

व्हॉल्यूम मागितलं तर लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची गुणिले ०.५२, तिन्ही मापं मिमीत. रोजच्या कामात मात्र उंची पुरते. दांड्याचीही जाडी बघून घ्या, वर कायझमजवळ साधारण साडेतीन मिमी आणि खाली २.

रिपोर्टात नुसतं 'साइज नॉर्मल' नको, असं लिहा: वय २८, मिडसॅजिटल टी१ वर उंची ७ मिमी, वरची कड सपाट, दांडा मध्यात, पांढरा ठिपका दिसतो, कायझमवर दाब नाही.